अंगणातील जुने झाड कसे सांभाळावे

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या वस्तीत घराच्या अंगणात, परसात किंवा कंपाउंडच्या कोपऱ्यात एखादा लिंब (म्हणजे कडुनिंब), एखादी चिंच, आंबा किंवा गुलमोहर उभा दिसतो, आणि तो बहुधा घरातील थोरल्या माणसांच्याही आधीपासून तिथे असतो. घर पाडून नवे बांधले जाते तेव्हा अशा झाडाला सहसा कोणी हात लावत नाही, मात्र त्याच्या भोवतालचे सगळे बदलते. मातीच्या अंगणावर पेव्हर ब्लॉक बसतात, आड बुजवून बोअर घेतला जातो, कंपाउंडचा पाया मुळांमधून खणला जातो, आणि पाच-सात वर्षांनी झाड शेंड्याकडून वाळू लागले की घरातील माणसे म्हणतात, आता त्याचे वय झाले. कडुनिंब आणि चिंच ही झाडे दीडशे-दोनशे वर्षे जगू शकतात आणि गावरान आंब्याची शंभरी ओलांडलेली झाडेही फळे देतात, हे ध्यानात घेतले तर साठ-सत्तर वर्षांच्या लिंबाचे वाळणे वयाच्या माथी मारता येत नाही. गुलमोहर आणि सुबाभूळ यांचे आयुष्य मात्र खरोखरच कमी असते, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या गुलमोहराकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

झाड जुने होते म्हणजे नेमके काय होते, हे कळले तर पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात. खोडाच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि तो आतल्या बाजूला नवे लाकूड व बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करत राहतो. मुळांनी घेतलेले पाणी या अलीकडच्या लाकडातून वर चढते आणि पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील भागातून खाली मुळांपर्यंत जाते. जुने लाकूड हळूहळू निर्जीव होऊन गाभ्यात जमा होते. त्याचा झाडाला आधार असतो, पण त्याच्यात जीव नसतो. म्हणूनच आतून पूर्ण पोकळ झालेली चिंच वर्षानुवर्षे हिरवीगार राहते, आणि याउलट बुंध्याभोवती चार बोटे रुंदीची साल पूर्ण वर्तुळात सोलली गेली तर धडधाकट झाडही मरते.

आता अडचण अशी की हा नवा थर झाडाला संपूर्ण खोडावर, प्रत्येक फांदीवर आणि प्रत्येक जाड मुळावर चढवावा लागतो. झाड जितके मोठे, तितका हा खर्च मोठा. पानांचा पसारा मात्र एका टप्प्यानंतर वाढत नाही, म्हणजे मिळकत तेवढीच राहते आणि खर्च वाढत जातो. झाड आपले जादा अन्न पिष्टाच्या रूपात मुळांमध्ये आणि जिवंत लाकडात साठवून ठेवते, आणि दुष्काळ, गारपीट, कीड किंवा तुटलेली फांदी अशा प्रत्येक संकटात त्याच साठ्यातून भागवते. जुन्या वाड्यांत भिंतीत बळद, म्हणजे धान्याचे कोठार, असे आणि पीक बुडालेल्या वर्षी घर त्या धान्यावर निभावत असे. जुन्या झाडाचा कारभार जवळपास तसाच चालतो. त्यामुळे तरुण झाडाला जी छाटणी किंवा जो घाव सहज सोसतो, तोच घाव जुन्या झाडाचा साठा रिता करू शकतो. माझ्या मते जुन्या झाडाच्या देखभालीतील निम्म्याहून अधिक काम हा साठा आपल्या हातून उधळला जाऊ नये, एवढेच असते, आणि राहिलेले काम मुख्यतः जमिनीत असते.

इंटरनेटवर जुन्या झाडांविषयी भरपूर सल्ला मिळतो. तो बराचसा ब्रिटन किंवा अमेरिकेचा वायव्य किनारा अशा सौम्य, ओलसर हवेच्या प्रदेशांतून आलेला असतो. तेथील जुन्या झाडांचे मुख्य शत्रू म्हणजे सतत ओलीत राहणारी जमीन, लाकूड कुजवणाऱ्या बुरशी आणि हिवाळी वादळे. लंडनला वर्षाकाठी सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि छत्रपती संभाजीनगरला सुमारे 700, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. फरक वाटणीचा आणि उन्हाचा आहे. तिथे तो पाऊस बाराही महिन्यांत विभागून, थंड हवेत पडतो, आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे आठ महिने, त्यांपैकी दोन-तीन महिने चाळीस अंशांच्या आसपास, झाडाला जमिनीतील ओलीवर काढावे लागतात. झाड जखम कशी बुजवते, फांदी कुठे कापावी, ढोली कशी तपासावी हे ज्ञान कोणत्याही हवामानात उपयोगी पडते. हवा खेळती राहावी म्हणून झाड विरळ करा, झाडाखाली आच्छादन फार ठेवू नका, पाणी देण्याची गरज नाही, हे सल्ले मात्र लातूर-बीडच्या उन्हात जसेच्या तसे पाळले तर झाडाचे नुकसान होते.

मुळे आणि काळी माती

झाडाच्या उंचीइतकीच खोल मुळे असतात ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात, कारण हवा आणि सेंद्रिय पदार्थ तिथेच असतात. ही मुळे फांद्यांच्या घेराच्या बाहेर बरीच दूर, कित्येकदा घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पसरलेली असतात. म्हणजे तुमच्या अंगणातील लिंबाची मुळे शेजाऱ्याच्या परसात आणि समोरच्या रस्त्याखालीही असू शकतात. काही जाड मुळे खोल जातात, पण मराठवाड्यात अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर दोन-चार फुटांचाच असतो आणि त्याखाली मुरूम व बेसाल्टचा कातळ लागतो, त्यामुळे खोलीचाही भरवसा धरता येत नाही.

काळ्या मातीचा स्वभावही झाडाला सोपा नाही. पाणी मिळाले की ती फुगते, चिकट होते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि पाणी साचून राहिले तर मुळे गुदमरतात. चैत्र-वैशाखात हीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा बारीक मुळांना अक्षरशः ताणून तोडतात, आणि भेगांच्या भिंतींमधून खालची ओलही उडून जाते. या मातीत चुनखडीचे प्रमाणही बरेच असते, त्यामुळे लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही आणि नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बांधकामाचा सिमेंटमिश्रित राडारोडा बुंध्याशी टाकला की हा त्रास आणखी वाढतो. अशा पानांना पाहून युरिया टाकण्याची घाई केली जाते, पण उणीव नत्राची नसते, आणि युरियाने फुटलेली कोवळी पालवी जुन्या झाडाचा साठाच खर्च करते.

एवढे समजले की अंगणात काय करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही, तरी तीन गोष्टींवर मी जोर देईन, कारण जुनी झाडे बहुतांशी त्यांनीच मरतात.

पहिली गोष्ट काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही किमान मर्यादा समजावी. मोठ्या झाडासाठी फांद्यांच्या घेराखालची शक्य तेवढी जमीन उघडी असावी. अंगण फरशीचे हवेच असेल तर सिमेंटच्या बेडवर बसवण्याऐवजी वाळूवर फटी ठेवून शहाबादी फरशा मांडाव्यात, म्हणजे पाणी आणि हवा खाली जाते. आधी बसवलेले काँक्रीट काढताना ब्रेकरने एका दिवसात सगळे उखडू नये, कारण फरशीच्या अगदी खाली आलेली मुळे त्यात जखमी होतात. हाताने, तुकड्या-तुकड्याने आणि शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर हे काम करावे.

दुसरी गोष्ट भराव. अंगणाची पातळी रस्त्याच्या वर आणण्यासाठी मुरूम टाकला जातो आणि बुंधा फूट-दीड फूट गाडला जातो. वरून टाकलेल्या अर्ध्या फुटाच्या दाबलेल्या भरावानेही मुळांपर्यंतची हवा कमी होते, आणि सालीशी कायम ओल राहिल्याने साल कुजते. आपल्या गावोगावच्या पारांबाबतही हेच म्हणावे लागते. पार ही गावाची सर्वांत जिव्हाळ्याची जागा आहे, आणि तो मोडावा असे मी कधीही म्हणणार नाही. पण पाराचे नवे बांधकाम करताना सिमेंटची बंद भिंत घालून आत बुंध्यापर्यंत माती भरण्याची पद्धत झाडाच्या मुळावर येते. जुने कित्येक पार मातीत किंवा कोरडे रचलेले दगडी होते, त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपे आणि हवा जाई. नव्या पाराची भिंत बुंध्यापासून जितकी दूर घेता येईल तितकी घ्यावी, आतली जमीन मूळ पातळीवरच ठेवावी आणि बसण्यासाठी वेगळा कट्टा करावा. झाडाचा बुंधा जमिनीला भिडतो तिथे थोडा पसरट दिसला पाहिजे. तो खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, तर तो गाडला गेला आहे असे समजावे आणि हातखुरप्याने हळूहळू मोकळा करावा.

तिसरी गोष्ट खोदकाम. नळाची लाइन, ड्रेनेज, केबल, कंपाउंडचा पाया अशा प्रत्येक चरात मुळे तुटतात. मनगटाएवढे मूळ तोडणे म्हणजे झाडाच्या त्या बाजूचा मोठा पाणीपुरवठा आणि आधार एकदम काढून घेणे. चर झाडाच्या एकाच बाजूने आणि शक्य तितका दूर काढावा. जाड मूळ आडवे आले तर पाइप त्याच्या खालून न्यावा, आणि मूळ कापावेच लागले तर जेसीबीने ओढून फाडण्याऐवजी करवतीने स्वच्छ कापावे. मुळे तुटल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. झाड साठ्यावर दोन-तीन वर्षे तग धरते आणि मग एखाद्या कमी पावसाच्या वर्षी वाळू लागते, तोपर्यंत चर सगळे विसरलेले असतात.

पाणी आणि पाचोळा

मोठ्या झाडाला पाणी द्यावे लागते हेच अनेकांना पटत नाही, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते खरेही आहे. पण 1972, 2012-13 किंवा 2015-16 सारख्या दुष्काळात, ज्यात 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, माणसांच्या पाण्याची भ्रांत असताना अंगणातील झाडाकडे कोण पाहणार. म्हणून थोडक्या पाण्याचा हिशेब समजून घेणे महत्त्वाचे आहे.

समजा झाडाच्या फांद्यांचा घेर बुंध्यापासून पाच मीटर अंतरापर्यंत आहे. त्या घेराच्या कडेखालचा एक मीटर रुंदीचा पट्टा सुमारे 31 चौरस मीटर भरतो. कोरडी माती फूटभर भिजवण्यासाठी अंदाजे 40 मिलिमीटर पाणी धरले तर बाराशे लिटरच्या आसपास पाणी लागते. एवढे पाणी एका वेळी नसेल तर निम्मा पट्टा आज आणि निम्मा पंधरा दिवसांनी भिजवला तरी झाडाला उपयोग होतो, कारण ओल मिळालेल्या बाजूची मुळे पूर्ण झाडाला काही प्रमाणात पाणी पुरवतात. बुंध्याशी आळे करून रोज दोन बादल्या ओतण्याचा मात्र फारसा लाभ नाही. तिथे शोषणारी मुळे कमी असतात, आणि वरवरच्या ओलीने साल तेवढी कुजते. सावकाश, खोल आणि दूर दूरच्या अंतराने दिलेले पाणी जुन्या झाडाला मानवते. पट्ट्यात चार-सहा मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरून ती भरून ठेवण्याची जुनी रीतही उत्तम आहे, फक्त खड्डे खणताना जाड मुळे सांभाळावीत. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार साठलेले असतात, ते एकाच झाडाला सतत देऊ नये. खोल बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने जमिनीवर पांढरी पापुद्री धरत असेल तर पावसाळ्याच्या पाण्याने ती जमीन धुऊन निघेल अशी सोय करावी.

खरी सोय छतावरच असते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पावसाचे 70,000 लिटर पाणी पडते. ते पाइपाने थेट गटारात सोडण्याऐवजी फांद्यांच्या घेराबाहेर खडी भरलेल्या उथळ चरात सोडले तर जमिनीत ओल साठते आणि ती दिवाळीनंतरही मुळांच्या कामी येते. जोरदार पावसात पाणी बुंध्याभोवती तुंबून राहणार नाही, जादा पाणी पुढे वाहून जाईल, एवढा उतार मात्र ठेवला पाहिजे.

पाचोळ्याबद्दल माझे मत ठाम आहे: अंगण झाडून पाने जाळणे हे जुन्या झाडावर आपण करत असलेले सर्वांत नियमित नुकसान आहे. झाडाने जमिनीतून उचललेली अन्नद्रव्ये पानांतून परत जमिनीत जात असतात, आणि आपण ती दर आठवड्याला धुरात घालवतो. शिवाय ढीग बहुधा बुंध्याशीच पेटवला जातो, त्या धगीने सालीखालचा जिवंत थर भाजतो आणि काही महिन्यांनी तिथली साल सुटून पडते. तीच पाने फांद्यांच्या घेराखाली तीन-चार बोटे जाडीने पसरली आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, तर काळ्या मातीच्या भेगा कमी होतात, उन्हाळ्यात जमीन थंड राहते आणि गांडुळे परत येतात. अंगण अस्वच्छ दिसते अशी घरातल्यांची तक्रार असेल तर विटांची एक ओळ लावून पट्टा आखून घ्यावा. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, चांगले कुजलेले शेणखत पाचोळ्याखाली पातळ पसरावे. याहून वेगळे खत निरोगी जुन्या झाडाला सहसा लागत नाही. पाचोळ्यात वाळवी येते म्हणून अनेकजण घाबरतात, पण खोडावर मातीच्या नळ्या करणारी वाळवी बहुधा मेलेली सालच खाते. त्या नळ्या खरवडून खालची साल ओली आणि जिवंत आहे का, हे पाहावे.

करवत हातात घेण्यापूर्वी

पावसाळ्याआधी झाड हलके करायचे म्हणून त्याचे सगळे शेंडे एका पातळीत छाटण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे, आणि लोक त्यालाच देखभाल समजतात. झाडासाठी यासारखी वाईट गोष्ट क्वचितच असेल. पाने गेल्याने मिळकत थांबते आणि नवी पालवी फोडण्यासाठी साठा रिकामा होतो. आजवर सावलीत असलेली जाड फांद्यांची साल एकदम दुपारच्या उन्हात येते, भाजते आणि फाटते. कापलेल्या टोकांतून कुजणे सुरू होते, आणि त्याच टोकांशी जे दाट फुटवे येतात ते लाकडात खोलवर रुजलेले नसून सालीजवळच चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि वादळात फाटून पडतात. म्हणजे धोका टाळण्यासाठी केलेली छाटणी स्वतःच नवा धोका तयार करते.

फांदी कुठे कापावी याचे शास्त्र अमेरिकेच्या वनखात्यातील वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांच्या कामामुळे स्पष्ट झाले. त्यांनी हजारो झाडे करवतीने उभी-आडवी चिरून जखमांच्या आत काय होते ते पाहिले आणि 1970 च्या दशकात मांडले की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि पुढचे लाकूड त्याच्या बाहेर चढवत जाते. कुजलेले लाकूड आतच राहते, फक्त कोंडले जाते. या कोंडण्याची सर्वांत भक्कम व्यवस्था फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथल्या फुगीर, वळ्या पडलेल्या कड्यात असते. म्हणून फांदी खोडाला सपाट भिडवून कापणे चूक, कारण त्यात हा कडाच जातो, आणि हातभर खुंट ठेवणेही चूक, कारण तो खुंट कुजत आत शिरतो. कड्याच्या किंचित बाहेर कापावे. जड फांदीसाठी तीन काप घ्यावे लागतात: आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप देऊन फांदी पाडणे, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेर कापणे. असे केले नाही तर पडणारी फांदी खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने हे काम नीट होत नाही.

जुन्या झाडाची एका वर्षात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त हिरवी पाने जाऊ नयेत, आणि छाटणी वाळलेल्या, मोडक्या व घासणाऱ्या फांद्यांपुरतीच असावी. लिंब, चिंच, वड यांसाठी मार्गशीर्ष ते माघ हा कोरडा, थंड काळ सोयीचा. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करतात. वाळलेली फांदी केव्हाही काढता येते, आणि ती वळवाच्या वाऱ्यापूर्वी काढणे चांगले. आंबा-मोसंबीच्या कापांवर मोरचूद, चुना आणि पाण्याची बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस आहे, आणि 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी हे तिचे प्रमाण. डांबर, ऑइल पेंट किंवा शेणाचा जाड लेप लावल्याने कुजणे थांबत नाही, उलट आत ओल कोंडते. ढोलीत सिमेंट भरणे तर पूर्णपणे सोडून द्यावे. वाऱ्याने झाड हलते आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे झाडाने बांधलेल्या आतल्या भिंती घासून फुटतात. ढोली तशीच राहू द्यावी, तिथे पिंगळा किंवा पोपट राहतील.

विजेच्या तारेजवळच्या फांदीला घरच्या माणसाने किंवा मजुराने कधीही हात लावू नये. वीजपुरवठा बंद करून ते काम वीज कर्मचाऱ्यांनीच करायचे असते.

वाळणे, कीड आणि बुरशी

माघ-फाल्गुनात लिंब पाने गाळतो आणि चैत्रात गुढीपाडव्याच्या सुमारास नव्या पालवीने व मोहोराने भरतो, हे सर्वांना माहीत आहे. अलीकडे मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्यात लिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळताना दिसतात. 2021 मध्ये शेजारच्या तेलंगणात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. फोमॉप्सिस नावाची बुरशी आणि तिच्या जोडीला कोवळे शेंडे टोचणारा टी मॉस्किटो ढेकूण ही त्याची कारणे आहेत. झाड मेले असे समजून ते तोडण्याची घाई करू नये, कारण बहुतेक झाडे पुढच्या हंगामात पुन्हा फुटतात. नखाने फांदीची साल हलकेच खरवडावी. खाली हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे.

आंब्याच्या खोडावरील छिद्रातून भुसा बाहेर पडत असेल तर तो भिरूड आहे. तारेच्या आकड्याने अळी काढून, छिद्रात पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा घालून ते चिखलाने बंद करण्याचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. बांडगूळ फळे धरण्याआधी काढावे, आणि ते नुसते ओरबाडू नये, कारण त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. फांदी बारीक असेल तर बांडगुळाच्या खाली फूटभर अंतरावरून ती कापावी. भिंतीवर किंवा लिंबाच्या बेचक्यात उगवलेले पिंपळाचे रोप हाताने उपटता येते तेव्हाच काढावे.

बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर पावसाळ्यात फळीसारखी, वरून चकचकीत तपकिरी बुरशी उगवली तर मात्र गांभीर्याने घ्यावे. ही गॅनोडर्मा बहुधा मुळे आणि बुंधा आतून कुजवत असते, आणि पाने हिरवी असतानाच झाड उन्मळून पडू शकते. गुलमोहरात हे विशेष आढळते, आणि घराला किंवा रस्त्याला लागून असलेल्या अशा गुलमोहरासाठी ते काढण्याचा विचार करणेच योग्य.

झाड धोकादायक आहे का

जून-जुलैपेक्षा सप्टेंबरमध्ये, जमीन पूर्ण भिजलेली असताना येणाऱ्या वादळी पावसात मोठी झाडे मुळासकट उन्मळण्याचा धोका अधिक असतो. पुढील चिन्हे दिसली तर वाट पाहू नये: झाड अलीकडेच कलले आहे, कलण्याच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली गेली आहे, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडलेली असून तिथे उभी चीर पडली आहे. वर्षानुवर्षे तिरके वाढलेले झाड वेगळे, ते बहुधा सुरक्षित असते. ढोलीबाबत ढोबळ नियम असा की भोवतालच्या भक्कम लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी नसावी. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडात ती किमान 10 सेंटिमीटर हवी. लाकडी मोगरीने ठोकून आवाज ऐकला तर पोकळ भागाचा अंदाज येतो. शंका असेल तर नगरपालिकेचा उद्यान विभाग, जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील उद्यानविद्येच्या तज्ज्ञांना दाखवावे.

घराच्या भिंतीला तडे गेले की दोष झाडावर येतो. काळ्या मातीतील ओल झाड ओढून घेते, माती आकसते आणि उथळ पायाचे घर खचते, हे खरे आहे. परंतु असे झाड एकाएकी तोडले तर त्या मातीत पुन्हा ओल भरते, ती फुगते आणि पाया वर उचलला जाऊन नवे तडे जाऊ शकतात, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आधी फुटलेल्या पाइपांची गळती, छताच्या पाण्याचा निचरा आणि पायाची खोली तपासावी, मगच झाडाविषयी निर्णय घ्यावा.

झाड तोडायचेच ठरले तर परवानगी लागते. महापालिका व नगरपालिका क्षेत्रात 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडणेच मानले जाते, आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा असतो. ग्रामीण भागात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडे येतात.

झाड पूर्ण वाळले आणि ते घर, रस्ता व तारांपासून दूर असेल तर बुंध्यापासून आठ-दहा फूट खोड उभे ठेवता येते. त्यात पिंगळा आणि सातेरी मधमाश्या कित्येक वर्षे राहू शकतात. नवे रोप मात्र त्याच खड्ड्यात लावू नये, कारण तिथे कुजवणारी बुरशी आणि जुनी मुळे असतात. जुने झाड उभे असतानाच, त्याच्या फांद्यांच्या घेराबाहेर, ऊन मिळेल अशा जागी मृगात एक देशी रोप लावावे आणि पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावे.